फौजीणबाईंचा विळा

सकाळी पेठेच्या चौकात माझ्या भावाचा फ्लेक्स लागला. संध्याकाळी वहिनींनी विळ्याने त्यातून भावाचा चेहरा कापून घेतला. दुसऱ्या दिवसापासून कट्ट्यावर वहिनींच्या म्हशीचं दूध कोणी प्यायलं नाही.

पेठ त्यांना फौजीणबाई म्हणायची, कारण माझा दादा फौजेत होता. मी वहिनी म्हणायचो. त्या जाऊन आता महिना होत आला. लिहायला बसलो की आधी त्यांचा आवाज आठवतो. रस्त्याच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाला आपण हळूच काही सांगू शकतो, असा त्यांचा समज होता. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखं त्या स्वतःबद्दल बोलताना ‘आलो’, ‘गेलो’ म्हणत. मनात आलेलं पोटात ठेवायची सवय त्यांना नव्हती. ती सवय घरात मला होती. मी वाचनालयात ग्रंथपाल आहे. दिवसाकाठी माझ्या तोंडून जेवढे शब्द निघत, त्याहून जास्त वहिनी म्हशीशी बोलत.

कोल्हापुरात संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करतात. गिऱ्हाईक समोर थांबतं, धार थेट पेल्यात पडते आणि माणूस तिथंच उभ्याने पिऊन, ओठांवरची पांढरी रेघ पुसून घरी जातो. धारा काढणारे सगळे पुरुष. दादा गेल्यावर वहिनी म्हैस घेऊन पहिल्यांदा कट्ट्यावर गेल्या, तेव्हा पुष्कळ लोक दूध प्यायला कमी आणि बघायला जास्त आले होते. वहिनी खाली बसल्या, पदर खोचला, आणि मान वर न करता म्हणाल्या, “बगून झालं आसंल तर सरका. म्हस बुजती.”

त्यांचा एक नियम होता. ताज्या धारेला फेस येतो आणि पेला चटकन भरलेला दिसतो. बाकीचे तो तसाच हातात देत. वहिनी पेला कट्ट्याच्या दगडावर ठेवून देत आणि फेस खाली बसेपर्यंत गिऱ्हाइकाला उभं करत. मग वरून पुन्हा धार. एखादा परगावचा माणूस घाई करायचा. “मावशी, द्या की, गाडी चुकंल.” वहिनी म्हणत, “थांबा पावणं. फेस पिऊन कुणाचं पॉट भरलंय?” माझ्या मते कोल्हापुरात त्यांच्याइतकं सावकाश दूध कोणी विकत नसेल. तरीही त्यांच्याच म्हशीपुढं जास्त माणसं असायची.

दादा युद्धात मारला गेला असं पेठेत सगळे धरून चालतात. युद्ध झालंच नव्हतं. त्या वर्षी दोन्हीकडच्या सरकारांनी आपापलं सैन्य सीमेवर नेऊन उभं केलं. महिनेच्या महिने माणसं एकमेकांकडे बघत उभी होती. दादाच्या तुकडीला शेतांमध्ये सुरुंग पुरायचं काम होतं. ती शेतं आपल्याच शेतकऱ्यांची होती. त्यांना घरं सोडून मागे जायला सांगितलं होतं. त्या दिवसांत दादा एकदाच रजेवर आला. बनियन-लुंगीवर त्याने म्हशीची धार काढली. मी वाचनालयातल्या एका मित्राचा कॅमेरा आणून त्याचा फोटो काढला. फोटोत तो हसतोय आणि म्हशीची शेपटी त्याच्या कानावर आली आहे. त्याच संध्याकाळी जेवताना तो म्हणाला होता, “आपण जोंधळा पेरणारी माणसं. तितं रानात लोखंड पेरतोय मी. मातीकडं बघायला नको वाटतं.”

पुढे दोन्ही सरकारांचं काही ठरलं आणि सैन्य माघारी निघालं. मग पुरलेलं काढायची वेळ आली. मधल्या पावसात माती सरकली होती, खुणा हलल्या होत्या. दादा काढताना गेला. वहिनी त्यावर एवढंच म्हणत, “पेरताना वाचलं, काढताना गेलं. लढाई न्हाय, गोळी न्हाय, समोर माणूस न्हाय.” त्यांची लेक तेव्हा पायाला घुंगरू बांधून अंगणात नाचायच्या वयाची होती. आता ती हुपरीला दिली आहे; सासरी पैंजणं घडवायचं काम चालतं.

दादाच्या अंगावर आलेला तिरंगा वहिनींनी ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली ठेवला होता. दर पावसाळ्यानंतर बाहेर काढून त्याला ऊन दाखवत, घड्या बदलत, म्हणजे एकाच रेघेवर कापड विरू नये. त्या वेळी घरात कोणी मोठ्याने बोललेलं त्यांना चालायचं नाही.

शालींचं मात्र वेगळं. वर्षातून दोन-तीनदा कुठल्या तरी मंडळाला, पतपेढीला, नाहीतर निवडणुकीच्या आधी एखाद्या इच्छुक उमेदवाराला वीरपत्नीचा सत्कार करावासा वाटे. शाल, श्रीफळ आणि फोटो. पहिली काही वर्षं वहिनी गेल्या. मग त्यांनी पाहिलं, की शाल घालणारा माणूस त्यांच्याकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघतो. त्या हिवाळ्यात म्हैस कट्ट्यावर आली ती किरमिजी रंगाची, सोनेरी काठाची शाल पाठीवर घेऊन. मंडळाचे लोक गडबडले. कोणीतरी धीर करून विचारलं, “फौजीणबाई, आवं ही सत्काराची शाल न्हवं का?” वहिनी म्हणाल्या, “व्हय की. थंडी तिला वाजती. मला घातली तवा मे महिना हुता.”

त्या चार लोकांत बसून गप्पा मारणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण लढाई कशी सुरू होते याबद्दल त्यांचं एक पक्कं मत होतं. ते त्यांनी कुठून घेतलं ते मला माहीत आहे. त्या बिद्रीकडून लग्न होऊन पेठेत आल्या, त्या वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत आमच्या तालमीचं आणि पलीकडच्या तालमीचं जुंपलं होतं. चौकातून आधी कोणी जायचं, हा मानाचा प्रश्न. पलीकडच्यांनी ढोल वाढवले म्हणून आमच्यांनी वाढवले. त्यांनी स्पीकरची भिंत लावली म्हणून आमच्यांनी दोन लावल्या. मग कोणीतरी म्हणालं, असू द्यात, नुसत्या सोबत असू द्यात. आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, गुलालाच्या पोत्यांखाली काठ्या आल्या. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी सकाळीच बसून मिटवलं होतं. तरीही संध्याकाळी डोकी फुटली.

“मी माडीवनं सगळं बघितलंय, भावजी,” वहिनी सांगायच्या. “भांडान कुणाला नको हुतं. पण काठ्या आणल्या हुत्या. काठी घरातनं बाहेर काढली का ती तशीच परत न्यायला गड्याला लाज वाटती. बायकापोरं बघत्यात न्हवं. आन डोस्कं कुणाचं फुटलं? ढोल वाजवणाऱ्याचं. ‘मान आमचाच’ म्हणून माइकात वराडत हुता, त्यो घरात बसून मटान खाऊन आला.”

एकदा त्या वैरण कापत होत्या आणि मी उंबऱ्यावर बसून वाचत होतो. त्यांनी विचारलं, काय एवढं वाचताय. मी त्यांना सांगितलं, की शंभर वर्षांपूर्वी युरोपातले देश असेच एका उन्हाळ्यात युद्धात गेले. प्रत्येकाने आधीच वर्षानुवर्षं सैन्य वाढवून ठेवलं होतं. कुठल्या दिवशी कुठली पलटण कुठल्या रेल्वेने निघणार, हेसुद्धा ठरवून ठेवलेलं. शाळांतून पोरांना शिकवलेलं, की आपला देश सगळ्यांत मोठा आणि शेजारचा आपल्यावर टपलेला. शेवटच्या दिवसांत दोन राजे, जे एकमेकांचे नातलग होते, तारा पाठवून एकमेकांना थांबवायला सांगत होते. पण फौजा निघायची वेळ झाली होती, आणि मागं राहू या भीतीने कोणालाच थांबवता आलं नाही.

वहिनींचा विळा थांबला. “नातलग हुतं?”

“व्हय. भाऊ लागत होते.”

“मग भाऊबंदकीच की ही. बांधावरची.” थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा पेंढी ओढली. “आन लोकं? लोकं काय करत हुती?”

“आनंदाने रस्त्यावर आली होती. फुलं टाकत होती शिपायांवर.”

“फुलं सस्त पडत्यात,” वहिनी म्हणाल्या आणि कडबा कापू लागल्या.

गेल्या उन्हाळ्यात सीमेकडच्या भागात माणसं मारली गेली. फिरायला गेलेली, निरपराध माणसं. बातमी लागली तेव्हा वहिनी भाकरी थापत होत्या. हात पिठात तसाच ठेवून त्या ऐकत राहिल्या. तवा करपल्याचा वास आला तरी उठल्या नाहीत. सुरुवातीला पेठही गप्प होती. मग टीव्ही बोलायला लागला. भोंगे वाजवत, नकाशे लाल करत, कधी गणवेश न चढवलेली माणसं फौजा हलवायला लागली. रोज संध्याकाळी पलीकडचं एखादं शहर पडायचं आणि सकाळी ते जागेवर असायचं. आमच्या पेठेला त्याची लाज वाटली नाही, उलट चव लागली. चौकात ढोल आले. मेलेल्यांची नावं मागे पडली आणि पुढे नुसता आवाज राहिला. गल्लीतली पोरं लाकडी बंदुका घेऊन एकमेकांना विचारत, तू कोण होणार. पलीकडचा व्हायला कोणी तयार नसे. मग धोब्याच्या पोराला जबरदस्तीने करत आणि खरंच मारत. त्याच्या आईने एकदा येऊन सगळ्यांना शिव्या घातल्या, तर चहाच्या टपरीवरचे बाप्ये हसले.

कट्ट्यावर तर दुसरा विषय नव्हता. चहापावडरीचा एक दुकानदार वहिनींचं रोजचं गिऱ्हाईक. दंडात बळ नाही, पण बोलण्यात फार. तो म्हणाला, “ह्या बारीला सोडायचं न्हाय, फौजीणबाई. पार नकाशातनं पुसायचं.”

“मग जा की. कुणी धरलंय?”

“आमचं आता वय झालं वं.”

“तोंडाचं न्हाय झालं व्हय? थोरला हाय की तुमचा. चांगला उच्चापुरा हाय.”

“त्यो पुण्याला कंपनीत हाय,” दुकानदार म्हणाला.

“आसं. म्हंजे पुसायचं फडकं दुसऱ्याच्या घरचं.”

लोक हसले, दुकानदारही हसला. तो आठवडा अजून हसण्याचा होता.

मग विमानं गेली आणि चौकात फटाके वाजले. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्स लागला.

मी वाचनालयाकडे निघालो होतो. चौकात दोन मजली घराएवढा तो फ्लेक्स बांबूंच्या सांगाड्याला दोऱ्यांनी बांधला होता. मागे तिरंगा आणि ज्वाळा. मधोमध एक धिप्पाड कमांडो, अंगावर चिलखत, हातात लांबलचक बंदूक, आणि त्या धडावर माझ्या दादाचं डोकं. भरतीच्या वेळच्या छोट्या फोटोतून घेतलेलं, मोठं करताना पसरलेलं, थोडं घाबरलेलं. कमांडोच्या दंडावर भलत्याच कुठल्या तरी देशाचं निशाण होतं. अर्धवट पुसलं होतं, तरी कळत होतं. दादाच्या तोंडाजवळून निघालेली अक्षरं अशी: ‘आता माघार नाही. मी पुन्हा जन्म घेईन, पुन्हा रण पेटवीन.’ खाली ओळीने इच्छुक नगरसेवकांचे चेहरे, बहुतेकांना काळे चष्मे.

जो माणूस माघारीच्या वेळी मेला, त्याच्या तोंडी त्यांनी ‘माघार नाही’ घातलं होतं. मी घरी परत फिरलो. वहिनींना मी सांगितलं ते फार थोडं होतं. त्या चपला घालून चौकात गेल्या, फ्लेक्सपुढे उभ्या राहिल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांना गप्प उभं राहिलेलं पेठेने त्याआधी पाहिलं नसेल.

तालमीच्या मंडळाचा अध्यक्ष धावत आला. सगळे त्याला अध्यक्ष म्हणत, वहिनी एकट्या बंडू म्हणत, कारण तो त्यांच्या हातचं दूध पिऊन वाढला होता. मुलगा वाईट नव्हता. काही वर्षं पहाटे कळंब्यापर्यंत पळत जायचा, भरतीसाठी. प्रत्येक वेळी छाती कमी भरली. मग वय उलटलं.

“कसा वाटला, फौजीणबाई? दादांचा मान केलाय आपण.”

“बंडू, ह्यो कोण?”

“आसं काय करताय? दादा की.”

“मुंडकं त्यांचं हाय. धड कुणाचं हाय?”

अध्यक्ष जरा ओशाळला. “त्ये नेटवरनं घेतलंय. परदेशी कमांडो हाय, पण रुबाब बगा की.”

“आन ह्ये बोलणं? ह्ये कवा बोलले ते? तू हुतास?”

“भावना आहेत ओ त्या. लोकांच्यात जोश आला पायजे.”

“जोश कशाला? कुणाला धाडणार हाईस? तुला तर घेतलं न्हाय.”

हे त्याला लागलं. तो मान खाली घालून म्हणाला, “न्हाय घेतलं म्हणूनच एवढं करतोय न्हवं. घेतलं आसतं तर दाखवलं आसतं.”

वहिनींचा आवाज उतरला. “न्हाय घेतलं त्ये बरं झालं, लेकरा. तुझी आई तुला गरम भाकरी वाढती अजून. आता ह्यो उतरीव. संध्याकाळपतूर उतरीव.”

त्याने उतरवला नाही. दिवसभर लोक येऊन फ्लेक्सपुढे उभे राहून आपले फोटो काढत राहिले. दुपारी मी त्याला फोन केला. तो म्हणाला, “सर, संध्याकाळी साहेब यायचेत, हार घालायला. उद्या उतरवू.” मी वहिनींना तसं सांगितलं. त्यांनी म्हशीला पाणी दाखवलं, वैरणीचा विळा घेतला आणि निघाल्या. “भावजी, शिडी धरायला या,” एवढंच म्हणाल्या.

शिडी मी धरली. चौकात माणसं होती, ढोलवाले होते, साहेब यायचे होते. काय चाललंय ते कळेपर्यंत वहिनी वर पोचल्या होत्या. सगळा फ्लेक्स त्यांनी फाडला असता तर एक वेळ कोणी समजून घेतलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. पोतं उसवावं तसं सावकाश, मानेपासून कानापर्यंत आणि वरून केसांच्या कडेने, त्यांनी दादाचा चेहरा कापून घेतला. तिरंग्याला विळा लागू नये म्हणून एके ठिकाणी त्या थांबल्या आणि डोक्यावरच्या केसांचं थोडं काळं त्यांनी फ्लेक्सलाच सोडलं. मग खाली उतरून, चेहरा गुंडाळून काखेत घेतला आणि अध्यक्षाला म्हणाल्या, “धड तुमचं हाय. ऱ्हाऊ द्या.”

कोणी तरी मोबाइलवर ते घेतलं होतं. आम्ही घरी पोचायच्या आत ते सगळ्या कोल्हापुरात पोचलं. त्यात शिडी दिसते, विळा दिसतो, मागचा तिरंगा दिसतो. त्या जिथे थांबल्या ते दिसत नाही. रात्रीच्या जेवणापर्यंत, सकाळी जी वीरपत्नी होती, ती देशद्रोही झाली होती. हुपरीहून लेकीच्या सासऱ्यांचा फोन आला, की मिटवून टाका, आमच्या दारातही लोक विचारायला लागलेत.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर मी त्यांच्याबरोबर गेलो. म्हशी नेहमीच्या जागी उभ्या होत्या, माणसं नेहमीएवढीच होती. वहिनींच्या म्हशीपुढे कोणी नव्हतं. कोणी भांडलं नाही, कोणी हात उचलला नाही. फक्त सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे होत्या. चहापावडरीचा दुकानदार शेजारच्या म्हशीचं दूध फेसासकट पीत होता. म्हैस अडून राहिली, तिची वेळ झाली होती. वहिनी खाली बसल्या, नेहमीसारखी धार काढली, पहिला पेला दगडावर ठेवला, फेस बसू दिला, वरून भरला आणि माझ्या हातात दिला. उरलेलं दूध डेअरीला घातलं. पुढे रोज तसंच.

ते युद्ध आठवड्याच्या आत थांबलं. दोन्हीकडचे मोठे लोक काही बोलले आणि थांबलं. पेठेला ते आवडलं नाही. ट्रॉलीतल्या काठ्या परत घरी न्यायच्या होत्या. तो राग कुठे तरी काढायला हवा होता, आणि हाताशी वहिनी होत्या. गोठ्याच्या भिंतीवर कोणी तरी डांबराने शिवी लिहिली. वहिनींनी तिच्यावर शेणाच्या गोवऱ्या थापल्या. गोवऱ्या वाळून काढल्या की शिवी पुन्हा दिसे. मग नव्या थापत.

अध्यक्ष एकदा घरी आला. मोबाइल हातात होता. “नुसतं एवढं बोला, की भावनेच्या भरात चूक झाली. मी टाकतो. लगेच मिटतंय सगळं. उद्या कट्ट्यावर रांग लागंल.”

“चूक कशात झाली, त्ये तू सांग. मी बोलतो.”

त्याने मोबाइल खिशात घातला. चहा प्यायला.

“झेंड्याचा राग न्हाय मला, बंडू,” वहिनी म्हणाल्या. “त्यो माझ्या ट्रंकेत हाय. तुज्याकडं हाय त्ये कापड न्हवं, नुसती छपाई हाय. माझा माणूस कुणाला माराय गेला न्हवता. मातीत हात घालून गेला. तेवढं खरं मला राखायचं हाय. दुसरं काय राखायला दिलंय मला तुमी?”

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून मिरवतात. शिंगं रंगवतात, मोरपिसं बांधतात, मालक मोटारसायकलवर पुढे आणि म्हैस मागे पळते. फौजीणबाईने यंदा म्हैस आणू नये, असा निरोप मला वाचनालयात मिळाला. मी तो त्यांना दिला. त्यांनी सगळ्या सत्कारांच्या शाली काढल्या, एकीला एक जोडून झूल शिवली, आणि ती म्हशीवर घालून पायी चालत, मिरवणुकीच्या मधोमध, चौकातून नेली. कोणी शिट्टी मारली नाही. शालींवर मंडळांची नावं भरतकामात होती, आणि ज्याचं त्याला वाचता येत होतं.

त्या संध्याकाळी कट्ट्यावर तालमीचे म्हातारे वस्ताद खुर्चीतून उठले. गुडघे गेलेले, काठी टेकत आले आणि वहिनींच्या म्हशीपुढे उभे राहिले. “एक पेला दे गं.” वहिनींनी धार काढली, पेला दगडावर ठेवला. वस्तादांना उभं राहणं जड जात होतं. वहिनी म्हणाल्या, “आसू दे वस्ताद, घ्या तसाच.” वस्ताद म्हणाले, “न्हाय, बसू दे की फेस. मला कुठं जायचंय?” दोघे फेसाकडे बघत थांबले. पुढे रोज तेवढं एकच गिऱ्हाईक आलं. त्यांच्या मागून दुसरं कोणी आलं नाही.

मार्गशीर्षात वहिनींना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात त्यांचा आवाज पहिल्यांदा हळू झाला. लेक पायाशी बसली होती. मला म्हणाल्या, “म्हस इकू नका. दुसऱ्याला ती पान्हा चोरती.” मग थोडं थांबून, “आन मला कुणी शाल घालायची न्हाय.” ते मी पाळलं. त्यांच्या अंगावर घरातलं हिरवं लुगडं होतं, दुसरं काही नव्हतं. अध्यक्ष स्मशानात आला होता, मागे उभा होता, रडत होता. ते रडणं खोटं नव्हतं.

चौथ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. ‘वीरपत्नीस भावपूर्ण श्रद्धांजली’. मागे तिरंगा आणि ज्वाळा, खाली तेच काळे चष्मे. मधोमध जरीचं नऊवारी नेसलेली, नथ घातलेली, हातात तलवार धरलेली कोणी तरी तरुण बाई, आणि तिच्या धडावर वहिनींचं डोकं.

मी घरी आलो. वैरणीचा विळा घेतला. शिडी धरायला कोणी नव्हतं, म्हणून ती बांबूला बांधली. चौकात माणसं होती. कोणी अडवलं नाही. शिडी हलायला लागली तेव्हा खालून कोणी तरी ती धरली. मी उतरलो तेव्हा अध्यक्ष शिडीजवळ उभा होता.

दोन्ही धडं तालमीच्या माडीवर गुंडाळून ठेवली आहेत. त्यांवर तिरंगा छापलेला आहे, म्हणून टाकता येत नाहीत. दोन्ही चेहरे घरात आहेत. ट्रंकेतल्या तिरंग्याला आता ऊन मी दाखवायचं. संध्याकाळी म्हैस घेऊन मी कट्ट्यावर जातो. वस्ताद येतात.